हलकी रायफल, जड रायफल आणि माझा डावा खांदा

२०२१च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका दुकानात मी माझी पहिली रायफल विकत घेतली, तेव्हा काउंटरपलीकडच्या माणसाला एकच प्रश्न विचारला होता : हरणाच्या शिकारीला चालेल अशी तुमच्याकडची सर्वांत हलकी रायफल कोणती? माझ्या डाव्या पायाला आधार देणारा कॅलिपर आणि उजव्या हातातली कुबडी त्याला दिसत होती, त्यामुळे हा प्रश्न त्यालाही योग्यच वाटला असावा. त्याने अडीच किलोची एक आखूड रायफल माझ्यापुढे ठेवली. ती हातात घेताच मला इतका आनंद झाला की पुढे काहीही विचारण्याचे मला सुचले नाही. तो प्रश्न अपुरा होता हे कळायला मला एक पूर्ण हंगाम गेला, आणि योग्य प्रश्न कोणता हे कळायला आणखी एक वर्ष लागले. माझ्यासारखे शरीर घेऊन या वाटेवर येणाऱ्याचा तेवढा वेळ वाचावा, म्हणून हे सगळे तपशिलाने लिहीत आहे.

माझा जन्म १९६८ सालचा, संगमेश्वर तालुक्यातला. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय मांडीपासून खाली दुर्बल राहिला आणि डाव्या खांद्याचा हात वर उचलणारा स्नायू जवळजवळ गेला. पंजा, मनगट आणि कोपर मात्र बरेचसे शाबूत राहिले. लहानपणी मुंबईला हाजी अलीच्या अपंग पुनर्वसन संस्थेत जाऊन कॅलिपर बसवून घेतला, त्यानंतर शिक्षण, लग्न, नोकरी हे सारे कॅलिपर आणि कुबडी यांच्या आधारानेच झाले. पन्नाशीच्या आसपास पोलिओने आपले राहिलेले देणे वसूल करायला सुरुवात केली. संध्याकाळ झाली की डावा हात शिसे ओतल्यासारखा जड होई, थंडीत बोटे काम करीनाशी होत. पोलिओ होऊन गेल्यावर काही दशकांनी असा नवा अशक्तपणा अनेकांना येतो. त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. त्याबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा नियम मला माझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने शिकवला : या स्नायूंना व्यायामाने हट्टाने बळकट करता येत नाही, अति वापराने ते आणखी खालावतात, म्हणून थकवा येण्यापूर्वी थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी दुखले तर काल जास्त झाले असे समजायचे. रायफलच्या वजनाचा माझा सगळा विचार अखेरीस या नियमापाशीच येऊन थांबला.

शिकारीकडे मी कशी वळले हेही थोडक्यात सांगायला हवे. आमच्या गावी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पीक राखण्यापुरता तिचा उपयोग. ती भिंतीवर टांगलेली असे आणि आम्हा मुलांना तिला हात लावायची सक्त मनाई होती. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही आणि ते योग्यच आहे असे मी मानते. मिशिगनची परिस्थिती निराळी आहे. दक्षिण भागात मका आणि सोयाबीनच्या शेतांवर पांढऱ्या शेपटीची हरणे अफाट वाढलेली आहेत, या एका राज्यात दर वर्षी पन्नास हजारांहून अधिक वाहने हरणांवर आदळतात, आणि नियमांत राहून केलेली शिकार हाच त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा इथला मुख्य मार्ग आहे. आमचे शेजारी शेतकरी आहेत. ते दर वर्षी आम्हाला हरणाचे मटण आणून देत. २०२०च्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर पहाटे आडोशात जाऊन बसले आणि जे ताटात येते त्याची जबाबदारी आपणही घ्यावी असे मला वाटू लागले. १९६० सालच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे शिकारीच्या परवान्यासाठी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो मी पुढच्या उन्हाळ्यात केला.

आता त्या अडीच किलोच्या रायफलीकडे येते. आमच्या भागाला तेव्हा एक वेगळा नियम लागू होता. सपाट आणि दाट वस्तीच्या दक्षिण मिशिगनमध्ये लांब पल्ल्याची, बाटलीसारख्या गळ्याची काडतुसे हरणाच्या शिकारीला चालत नसत. सरळ नळकांड्यासारख्या आकाराचीच काडतुसे वापरावी लागत आणि त्यांचा व्यास व लांबीही ठरलेली असे. त्यामुळे निवड मुख्यतः दोन काडतुसांत होती : ४५० बुशमास्टर आणि २०१९मध्ये विंचेस्टरने बाजारात आणलेले ३५० लेजंड. दुकानदाराने मला पहिले दिले, कारण ते अधिक ताकदीचे आणि रायफलही त्यातली सर्वांत हलकी. मी घरी येऊन ती खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली, आणि डाव्या हाताला ती पेलते आहे म्हणून समाधान पावले. तिच्यातून गोळी सुटल्यावर काय होईल याचा हिशेब मी केलाच नाही. सारे आयुष्य यंत्रांचे सुटे भाग मोजून तपासण्यात घालवलेल्या बाईकडून ही चूक व्हायला नको होती.

हिशेब तसा साधा आहे. गोळी आणि दारूचा वायू जितक्या जोराने पुढे जातो, तितक्याच जोराने रायफल मागे येते, आणि हा मागे येणारा संवेग काडतुसावर ठरतो, रायफलच्या वजनावर नाही. वजनावर ठरते ते हे की तो संवेग किती वेगाने आणि किती ऊर्जा घेऊन खांद्यावर आदळणार. रायफल दीडपट जड केली तर धक्क्याची ऊर्जा दोन तृतीयांश होते; हलकी केली तर त्याच प्रमाणात वाढते. माझी रायफल दुर्बिणीसह २.९५ किलो भरत होती आणि ४५० बुशमास्टरचे नेहमीचे काडतूस तिच्यात घातले की माझ्या ढोबळ हिशेबाने धक्क्याची ऊर्जा ३३ ज्यूलच्या आसपास येत होती. आकड्याने काही कळत नसेल तर एवढे सांगते की सराव मैदानावर सहाव्या गोळीला दुर्बिणीची कड माझ्या भुवईला लागून रक्त आले. नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा ब्रेक बसवता येतो. तो मी बसवूनही पाहिला. धक्का निश्चितच कमी झाला, पण आवाज बाजूंना इतका फेकला जाऊ लागला की कानांवर दुहेरी संरक्षण लावूनही मी चाप ओढण्यापूर्वी डोळे मिटू लागले.

मात्र खांद्याला लागणे ही माझी खरी अडचण नव्हती, आणि ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. माझा उजवा खांदा चांगला आहे, तो मार सोसतो. अडचण कमरेची होती. पोलिओने माझ्या धडाच्या डाव्या बाजूचे स्नायूही थोडे उणे ठेवले आहेत. पाठ नसलेल्या स्टुलावर बसून गोळी झाडली की धड मागे आणि डावीकडे ढकलले जाई, आणि पुन्हा सावरून दुर्बिणीत डोळा लावेपर्यंत चार-पाच सेकंद जात. तेवढ्या वेळात हरणाला गोळी कुठे लागली, ते कोणत्या दिशेला गेले, दुसरी गोळी झाडण्याची गरज आहे का, यांपैकी काहीही मला दिसत नसे. जखमी जनावर शोधता न येणे हे शिकाऱ्याच्या हातून घडणारे सर्वांत वाईट कृत्य आहे असे शेजाऱ्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. तो हंगाम मी रायफल घेऊन आडोशात बसले, तीन वेळा हरणे समोर आली आणि तिन्ही वेळा मी चाप ओढला नाही. त्याच हंगामात मक्याच्या कापलेल्या शेतातल्या गोठलेल्या सरींवर मी एकदा पडलेही. रायफल रिकामी होती, मला फारसे लागले नाही. पण पाठीवर तिरक्या पट्ट्याने अडकवलेली रायफल चालताना घसरून कुबडीच्या आड आली होती, आणि तोल जाण्याचे कारण तेच होते.

डिसेंबरात हंगाम संपल्यावर मी दुकानात परत न जाता आधी स्वतःला मोजायचे ठरवले. थेरपिस्टने पद्धत सुचवली आणि साहित्य मी स्वयंपाकघरातून घेतले. रायफलच्या लांबीची एक लाकडी पट्टी कापून घेतली, तिचे टोक उजव्या खांद्याला टेकवून रायफल धरावी तशी धरली आणि तिला दीड किलो तांदळाची पिशवी टांगली. आधी पिशवी उजव्या मुठीजवळ, मग एकेक वीत पुढे. दर वेळी पट्टीचे पुढचे टोक भिंतीवरच्या खुणेवर स्थिर राहते तोवरचा वेळ माझे यजमान घड्याळात पाहत, आणि हात थरथरू लागण्याच्या आधीच मी थांबे. एका दिवसात तीनच वेळा, आणि मग दोन दिवस विश्रांती. अशा रीतीने तीन आठवडे मोजमापे घेऊन वहीत लिहिली.

त्या वहीने माझे डोळे उघडले. पिशवी मुठीजवळ असताना मी २६ सेकंद स्थिर धरू शकत होते. तीच पिशवी पुढे, डाव्या पंजाच्याही पलीकडे टांगली की ९ सेकंद. तांदूळ तेवढाच, हात तोच, फरक फक्त जागेचा. तरफेचा नियम शाळेत सर्वांनीच शिकलेला असतो, पण रायफल विकत घेताना तो कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण तिच्या माहितीपत्रकावर वजनाचा एकच आकडा छापलेला असतो आणि ते वजन कुठे साठलेले आहे याचा आकडा नसतो. माझ्या त्या हलक्या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, पोकळ प्लास्टिकचा होता, त्यामुळे एकूण वजन कमी असले तरी उरलेले बहुतेक वजन नळीकडे होते. डाव्या हाताला ती दिसते त्यापेक्षा जड होती.

दुसरी गोष्ट वेळेची. वरचे आकडे सकाळचे होते. संध्याकाळी पाच वाजता तोच प्रयोग केला तेव्हा ९ सेकंदांचे ६ झाले. मग एके दिवशी जाड कोट, हातमोजे घालून, बाहेरच्या ओसरीवर शून्य अंश तापमानात वीस मिनिटे बसून मोजले तेव्हा ४ झाले. हरीण येते ते बहुधा पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे नेमके थंडीत आणि माझ्या बाबतीत थकव्याच्या वेळी. दुकानातल्या उबदार दिव्याखाली, ताजेतवाने असताना, एक मिनिट हातात धरून केलेली निवड कशासाठी चुकते याचे उत्तर त्या तीन आकड्यांत होते. अपंग माणसाने रायफलचे वजन ठरवायचे ते आपल्या सर्वांत वाईट तासाला, एवढे एकच वाक्य मी त्या वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे.

चार सेकंदांत नेम धरून गोळी झाडणे मला कदापि जमणार नव्हते, म्हणजे डाव्या हातावर रायफल पेलण्याचा विचारच सोडून देणे भाग होते. हे मान्य करायला मला त्रास झाला. लहानपणापासून मी प्रत्येक वस्तू आपल्या हाताने उचलण्याचा हट्ट धरत आले आहे. पण ते मान्य केल्याबरोबर सगळा हिशेब उलटा फिरला. वजन जर रायफल जबड्यात धरणाऱ्या तीन पायांच्या तिवईने पेलायचे असेल, तर रायफल हलकी असण्याचे कारणच उरत नव्हते. उलट ती जरा जड असली तर धक्का कमी, वाऱ्याने आणि माझ्या श्वासाने होणारी हालचाल कमी, आणि चाप ओढताना नेम ढळण्याची भीतीही कमी. फक्त दोन प्रसंगी वजन अजून माझ्याच अंगावर येणार होते : गाडीपासून आडोशापर्यंत नेताना आणि तिवईवर चढवताना किंवा उतरवताना.

२०२२च्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या ओळखीने मी सराव मैदानावर तीन निरनिराळ्या रायफली वापरून पाहिल्या. पहिली सव्वादोन किलोची, डोंगरात पायी हिंडणाऱ्यांसाठी केलेली. तिवईवर ती पिसासारखी थरथरत होती. माझ्या नाडीचा ठोकासुद्धा दुर्बिणीत दिसे. दुसरी साडेचार किलोहून जड, जाड नळीची, एका वेळी एकच गोळी भरायची. तिच्यावर नेम असा बसे की काढावासा वाटू नये, परंतु ती तिवईवर चढवताना माझा डावा हात दोनदा निसटला आणि दोन्ही वेळा यजमानांनी ती धरली. शिवाय मधोमध मोडून उघडणाऱ्या तशा रायफलीत गोळी भरायला दोन्ही हातांची चांगली पकड लागते. तिसरी स्वयंचलित भरणारी, ३५० लेजंडची, दुर्बिणीसह साडेतीन किलोच्या आसपास. तिचा दस्ता मागे-पुढे सरकवून आखूड-लांब करता येत होता, आणि मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट ती हीच.

दस्त्याच्या लांबीचा आणि वजनाचा संबंध आहे हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. नेहमीच्या रायफलीत दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर साधारण ३५ सेंटिमीटर असते. माझी उंची पाच फूट, त्यात थंडीचा जाड कोट. त्या लांबीने सगळी रायफल माझ्या अंगापासून दूर ढकलली जात होती आणि डावा हात ताणून पुढे न्यावा लागत होता. दस्ता ३२ सेंटिमीटरवर आणताच तेच साडेतीन किलो अंगाजवळ आले. यजमानांनी मला डोळे मिटायला सांगून दोन्ही लांबींवर रायफल धरायला लावली आणि कोणती जड ते विचारले. मी प्रत्येक वेळी लांब दस्त्याची जड म्हणून सांगितले.

अखेरीस मी घेतली ती ३५० लेजंडची, हाताने खटका मागे-पुढे करायची, आखूड दस्त्याची आणि सोळा इंच नळीची रायफल. स्वयंचलित रायफल मला आवडली होती, पण तिच्या बाहेर आलेल्या दांड्या आणि मूठ माझ्या कुबडीत अडकत. खटका मागे-पुढे करायला फक्त उजवा हात पुरतो, रायफल तिवईच्या जबड्यात घट्ट धरलेली असली म्हणजे झाले. ती नुसती २.८ किलोची होती. दुर्बीण आणि तिच्या कड्या ४५० ग्रॅम. इथे मी जाणीवपूर्वक लहान आणि हलकी दुर्बीण घेतली, कारण दुर्बीण रायफलच्या वरच्या बाजूला बसते आणि वरचे वजन तिवईवर रायफल कलंडवते. चार काडतुसांचे सुमारे ७० ग्रॅम. आणि त्यानंतर मी त्यात मुद्दाम ३०० ग्रॅम वजन वाढवले.

हे ऐकून शेजाऱ्यांना फार आश्चर्य वाटले होते, म्हणून त्याचे कारण सांगते. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून मी ती जेवणाच्या टेबलावर लाटण्यावर आडवी ठेवली आणि जिथे ती दोन्हीकडे सारखी तोलली जाते तिथे खडूने खूण केली. ती खूण मला हवी त्यापेक्षा पुढे येत होती. पोकळ दस्त्याच्या अगदी टोकाशी शिशाचे छर्रे भरलेली कापडी पिशवी घट्ट बसवली तेव्हा तोलाची खूण जवळपास चार सेंटिमीटर मागे सरकली. एकूण वजन ३.६ किलोच्या थोडे वर गेले, आणि तरीही तिवईवर चढवताना ती डाव्या हाताला आधीपेक्षा सोपी जाऊ लागली, कारण आता मोठा भार उजव्या, चांगल्या हाताकडे होता. या वजनाला ३५० लेजंडच्या धक्क्याची ऊर्जा साडेदहा ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे माझ्या पहिल्या रायफलीच्या जेमतेम एक तृतीयांश. गोळी सुटल्यावर धड जागचे हलत नाही आणि डोळा दुर्बिणीतच राहतो.

वाहून नेण्याचा प्रश्न मी रायफलीत सोडवला नाही, बाहेर सोडवला. शेजाऱ्यांच्या शेतातल्या चारचाकी छोट्या गाडीतून आम्ही आडोशाच्या साठ पावलांवर जातो, रिकामी रायफल पेटीत असते आणि ती पेटी यजमान नेतात. माझ्या अंगावर काहीही नसते, फक्त कुबडी. त्याच वर्षी डॉक्टरांच्या दाखल्यासह मी थांबलेल्या वाहनातून शिकार करण्याचा अपंगांसाठीचा परवानाही राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाकडून घेतला. त्याचा मला झालेला खरा लाभ वेगळाच आहे. मिशिगनमध्ये सप्टेंबरात दोन दिवस मुले आणि ठरावीक निकषांत बसणारे अपंग शिकारी यांच्यासाठी लिबर्टी हंट म्हणून राखलेले असतात, आणि हा परवाना असलेल्यांना त्यात भाग घेता येतो. नोव्हेंबरच्या १५ तारखेला सुरू होणाऱ्या मुख्य हंगामातल्या थंडीत माझे ४ सेकंद, तर सप्टेंबरातल्या उबदार संध्याकाळी ६ ते ७. मुख्य हंगामात लोक आपापल्या कामावरून रजा घेऊन रानात जातात, तो उत्साह मलाही हवासा वाटतो. पण माझ्या हाताचा महिना सप्टेंबर आहे.

अंतराचेही मी बंधन घालून घेतले. ३५० लेजंडची गोळी बरीच लांब जाते, पण माझी मर्यादा ९० मीटर. जेवणाच्या कागदी थाळ्या लावून मी संपूर्ण उन्हाळा सराव केला आणि नियम असा ठेवला की तीन तास आडोशात बसल्यावर, संध्याकाळी, पाचही गोळ्या पंधरा सेंटिमीटरच्या वर्तुळात पडल्या तरच त्या अंतराला जायचे. जुलैत माझे अंतर ५५ मीटर होते. ऑगस्टअखेर ते ९० झाले आणि मी तिथेच थांबले. एका दिवशी दहापेक्षा अधिक गोळ्या मी कधीही झाडल्या नाहीत, कारण अकरावी गोळी थकलेल्या खांद्याची असते आणि तिच्यातून चुकीचीच सवय लागते. २०२२च्या नोव्हेंबरात मी दोन संध्याकाळी बसले. दोन्ही वेळा हरणे माझ्या मर्यादेपलीकडून गेली.

२०२३च्या सप्टेंबरातल्या लिबर्टी हंटच्या दुसऱ्या संध्याकाळी सोयाबीनच्या कडेला एक प्रौढ मादी एकटीच आली. नारिंगी जाकिटात मला घाम आला होता. रायफल दोन तासांपासून तिवईच्या जबड्यात होती, डावा हात मांडीवर विसावलेला होता आणि त्याच्याकडून मला काहीही नको होते. उजव्या हाताने दस्ता हलकेच वळवला. ती साठ मीटरवर आडवी उभी राहिली. मी श्वास सोडला आणि चाप ओढला. या खेपेस मला सगळे दिसले : ती दचकून उसळली, तीस-चाळीस पावले धावली, बांधाच्या वळणापाशी तिचे पाय अडखळले आणि ती पडली. मी खटका ओढून दुसरे काडतूस भरले आणि दुर्बिणीत पाहत राहिले. ती पुन्हा हलली नाही. मग शेजाऱ्यांना फोन केला. ते येईपर्यंत मी तिथेच बसून होते, आणि आजोबांची बंदूक ज्या भिंतीवर असे ती भिंत मला फार स्पष्ट आठवली.

तेव्हापासून दर मार्चमध्ये मी तांदळाची पिशवी पुन्हा टांगते. २०२४मध्ये सकाळचे २६ सेकंद २३वर आले आणि पुढे टांगलेल्या पिशवीचे ९ चे ७ झाले. थेरपिस्टच्या मते ही घट अपेक्षेप्रमाणेच आहे. त्यावरून मी रायफल बदललेली नाही, पण दस्त्यातली शिशाची पिशवी ३०० वरून ४०० ग्रॅमची केली आहे आणि तिवईचा जबडा असा बदलून घेतला आहे की रायफल वर उचलून ठेवण्याऐवजी बाजूने सरकवता यावी. रायफल वर चढवताना जो भार दोन सेकंद डाव्या हातावर येत असे, तो आता येत नाही. लाटण्यावरची खडूची नवी खूण उजव्या मुठीच्या आणखी जवळ आली आहे, आणि येत्या ऑगस्टात थाळ्या लावीन तेव्हा पुन्हा ५५ मीटरपासूनच सुरुवात करणार आहे.